शिक्का, शपथ आणि दुसऱ्याच्या हातची चूक

परवानाधारक अभियंता नकाशावर सही करून शिक्का मारतो, तेव्हा त्या कामातल्या चुकांचा धनी तो होतो. आकडेमोड हाताखालच्या कनिष्ठाने केलेली असो की सांध्याचे रेखाटन कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनने, विचारणा त्यालाच होते. अमेरिकेत असा परवाना कायद्याने प्रथम आणला तो वायोमिंग राज्याने, 1907 साली. आज तिथे पदवी, मूलभूत विषयांची परीक्षा, साधारण चार वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव आणि त्यानंतर व्यावसायिक परीक्षा, एवढे पार पडल्यावर शिक्का हाती येतो. ज्ञान पारखायला हे पुरेसे आहे. एक प्रश्न मात्र कोणत्याही परीक्षेत सुटत नाही: जे आपण केले नाही, जे आपल्याला ठाऊकही नव्हते, त्याचा दोष माणसाने अंगावर का घ्यावा?

कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात 17 जुलै 1981 रोजी टांगत्या मार्गिका कोसळून 114 माणसे मेली. मूळ नकाशात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मार्गिका छतापासून खालपर्यंत एकाच अखंड सळीवर टांगलेल्या होत्या. जोडणी सोपी व्हावी म्हणून त्या सळीचे दोन तुकडे झाले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा तिथून खाली. फरक किरकोळ दिसतो. पण आता खालची मार्गिका छताला न लटकता वरच्या मार्गिकेच्या तुळईला लटकू लागली, आणि त्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. सांध्याची तपासणी पोलादकाम करणाऱ्यांनी करायची होती, असा बचाव अभियंत्यांनी केला. तो फेटाळला गेला आणि मिसुरी राज्यातले त्यांचे परवाने गेले. कामाची वाटणी करता येते, शिक्क्याची येत नाही, हे त्या निकालाचे सार.

मीमांसकांनी यज्ञाच्या संदर्भात असाच पेच सोडवला होता. आहुती देतात ऋत्विज, मंत्र म्हणतात ऋत्विज, पण फळ यजमानाचे, कारण संकल्प त्याचा आणि दक्षिणा देऊन ऋत्विजांचे श्रम त्याने विकत घेतलेले. कर्तेपण हाताच्या हालचालीवर ठरत नाही, कर्म कोणी स्वीकारले यावर ठरते. अभियंत्याचा शिक्का हा असाच संकल्प आहे. मात्र यजमानाच्या कर्माचे फळ यजमानालाच मिळते, आणि अभियंत्याच्या चुकीचे फळ भोगतात ते ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. म्हणूनच त्याच्यावरचा भार अधिक जड आहे, आणि तो तसा असणे योग्यही आहे.

कॅनडात या जाणिवेला विधीचे रूप मिळाले. टोरांटो विद्यापीठातले खाणशास्त्राचे प्राध्यापक हॉल्टेन यांनी 1922 मध्ये तरुण अभियंत्यांसाठी शपथविधीची कल्पना मांडली, रुडयार्ड किपलिंगने संहिता लिहून दिली, आणि 1925 मध्ये माँट्रियलला पहिला विधी झाला. शपथ घेणाऱ्याला ओबडधोबड पैलूंची लोखंडी अंगठी मिळते. ज्या हाताने तो काम करतो त्याच्या करंगळीत ती घालायची, म्हणजे रेषा ओढताना ती कागदावर घासत राहते. कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडातून या अंगठ्या घडवल्या, असे सांगितले जाते. ते खरे नाही. या विधीने परवानाही मिळत नाही, कारण परवाना हा प्रांतिक कायद्याचा विषय आहे.

शपथेला देव साक्षी नाही. ती आपल्या अब्रूवर आणि थंड लोखंडावर घ्यायची असते. महाराष्ट्रातले मंत्रीही ईश्वरसाक्ष शपथ घेतात किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतात, आणि दोहोंचे बंधन सारखेच मानले जाते. त्यामुळे साक्षी कोण, यापेक्षा काय कबूल केले हे पाहणे अधिक फलदायी. निकृष्ट काम आणि सदोष माल आपल्या हातून पुढे जाऊ देणार नाही, हे वचन त्यात आहे. त्याच संहितेत पुढे होणाऱ्या चुकांबद्दल आधीच क्षमाही मागितली आहे. दोन्ही एका दमात कसे म्हणता येईल? क्षमा मागितली आहे ती बुद्धीच्या मर्यादेसाठी. जाणूनबुजून केलेली डोळेझाक तिच्यात बसत नाही. अज्ञान निर्दोष असू शकते, पण न पाहिल्यामुळे राहिलेले अज्ञान तसे नसते.

क्वेबेक पुलाची हकीकत या भेदाचा कस पाहते. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर याने गाळा 1,600 फुटांवरून 1,800 फुटांवर नेला, पण पुलाचे स्वतःचे वजन वेळेत नव्याने मोजले गेले नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये दाब पेलणाऱ्या एका खालच्या पोलादी अंगाचा बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांपर्यंत वाढला. आणखी भार चढवू नका, अशी तार कूपरने न्यूयॉर्कहून केली, तीही पुलाचे पोलाद घडवणाऱ्या कंपनीच्या गावी, फिनिक्सव्हिलला. पुलावर काम चालूच राहिले. 29 ऑगस्टच्या संध्याकाळी पूल नदीत गेला आणि 75 कामगार मेले. त्यांत कानावाके वस्तीतले तीसहून अधिक मोहॉक होते. शाही आयोगाने दोन अभियंत्यांच्या निर्णयातल्या चुकीला जबाबदार धरले: एक कूपर, दुसरा त्या कंपनीचा आरेखन-प्रमुख.

निर्णयातली चूक क्षम्य ठरते, हे मान्य. पण सरकारी अभियंत्याने कूपरचे काम तपासावे, अशी सूचना आधी आली होती आणि त्याने तिला विरोध केला होता. आजारी, थकलेला, कामाच्या मानाने कमी मोबदल्यावर राबणारा तो माणूस करुणेला पात्र आहे; तरी तपासणी नाकारण्याचा दोष त्याचाच.

नव्या पुलासाठी सरकारने अभियंत्यांचे मंडळ नेमले. 1916 मध्ये मधला गाळा वर चढवताना कोसळला आणि आणखी 13 जण गेले. 1917 मध्ये पूल पुरा झाला. सर्वांत लांब गाळ्याचा कँटिलिव्हर पूल म्हणून त्याची नोंद आहे, आणि त्यावरून आजही आगगाड्या जातात.