न भरावा लागणारा कर

श्रीमंतांवर कर लावण्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा सुरू होण्याआधीच संपते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा नुसता उल्लेख केला आणि काँग्रेसने लगोलग हात झटकले. त्या पक्षाच्याच राजवटीत, १९८५ साली, विश्वनाथ प्रताप सिंहांनी आपल्याकडचा मृत्यूपश्चात मालमत्तेवरचा कर रद्द केला होता. पण तेवढा इतिहास ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत त्या आठवड्यात कुणीच नव्हतं. तेव्हापासून एक वाक्य सर्रास ऐकू येतं: मतदार कराला कधीच मत देत नाही. आणि पुरावा मागितला की ऑस्ट्रेलियाचं नाव पुढे केलं जातं. २०१९ साली तिथल्या लेबर पक्षाने कराचा सविस्तर जाहीरनामा मांडला आणि हातातली निवडणूक घालवली.

दाखला खरा आहे. माझं भांडण आहे ते त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी.

या समजुतीची वंशावळ सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. १९८४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांनी कर वाढवणार असं पक्षाच्या अधिवेशनातच सांगून टाकलं आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं गमावली. १९९२ मध्ये ब्रिटनच्या जॉन स्मिथ यांनी सत्तेत येण्याआधीच आपलं अंदाजपत्रक मांडलं, हुजूर पक्षाने ‘करांचा बॉम्ब’ अशी पोस्टरं लावली आणि मजूर पक्ष हरला. पाच वर्षांनी ब्लेअर-ब्राउन जोडीने प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही अशी शपथ घेतली, ती याच भीतीपोटी. एक नाव मात्र या यादीतून सोयीस्करपणे गळतं. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन ह्यूसन १५ टक्के वस्तू व सेवा कराचा कार्यक्रम घेऊन उभे राहिले आणि हरता न येणारी निवडणूक हरले. ह्यूसन उजव्या पक्षाचे होते. त्याच पक्षाच्या जॉन हॉवर्ड यांनी पाच वर्षांनी तोच कर १० टक्क्यांवर आणून निवडणूक जिंकली. म्हणजे कर म्हणजे पराभव हे समीकरण डाव्यांपुरतं नाही आणि पक्कंही नाही.

आता २०१९ कडे येऊ. लेबरच्या दोन योजना वादात सापडल्या. त्यातली घरांची तुलनेने सोपी होती. भाड्याने दिलेल्या घरावरचा तोटा पगारातून वजा करून कर वाचवायची सवलत यापुढे फक्त नव्या बांधकामाला मिळणार होती आणि जुन्या गुंतवणुकीला हात लागणार नव्हता. हीच योजना पक्षाने २०१६ च्या निवडणुकीतही मांडली होती आणि तेव्हा त्याच्या जागा ५५ वरून ६९ वर गेल्या होत्या. ‘कर म्हणजे पराभव’ म्हणणारे २०१६ चं नाव घेत नाहीत.

दुसरी योजना गुंतागुंतीची, आणि खरी मेख तिथेच आहे. कंपनीला १०० डॉलर नफा झाला, तिने ३० डॉलर कर भरला आणि ७० डॉलर लाभांश वाटला, तर भागधारकाला त्या ३० डॉलरचं श्रेय मिळतं. एकाच नफ्यावर दोनदा कर पडू नये म्हणून ही व्यवस्था १९८७ साली लेबरच्याच पॉल कीटिंग यांनी आणली. पण श्रेय फक्त भरायच्या करातून वजा होत असे. २००० पासून हॉवर्ड सरकारने उरलेलं श्रेय रोख परत द्यायला सुरुवात केली. मग २००७ मध्ये साठीनंतर निवृत्तिनिधीतून काढलेल्या रकमेवरचा कर जवळपास काढून टाकला. दोन्ही निर्णय एकमेकांवर बसले आणि एक विचित्र वर्ग तयार झाला: हातात मोठी शेअर गुंतवणूक, कर शून्य, आणि दरवर्षी सरकारकडून धनादेश. सुरुवातीला हा परतावा वर्षाला सुमारे ५५ कोटी डॉलर होता. वीसेक वर्षांत तो ५०० कोटींच्या वर गेला. लेबरला ही रोख रक्कम थांबवायची होती. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तर घोषणेनंतर दोनेक आठवड्यांतच सूट देण्यात आली.

हिशोब म्हणून हे प्रकरण निर्दोष होतं. माझ्या मते न्याय्यही होतं. पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते ख्रिस बोवेन यांनी आवडत नसेल तर मत देऊ नका अशा अर्थाचं काही सुनावलं. हा हिशोबावरचा आंधळा विश्वास होता. समोरच्यांनी त्याला ‘निवृत्तांवरचा कर’ म्हटलं, फेसबुकवर मृत्यू कराची अफवा फिरू लागली आणि खाणउद्योजक क्लाइव्ह पामर यांच्या लेबरविरोधी जाहिरातींनी वाहिन्या भरून गेल्या. मृत्यू कर लेबरच्या जाहीरनाम्यात कुठेही नव्हता. १८ मे रोजी सगळ्या जनमत चाचण्या चुकल्या. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांच्या लिबरल-नॅशनल आघाडीला १५१ पैकी ७७ जागा, लेबरला ६८.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच थांबतात: निवृत्तांच्या खिशाला हात घातला, निवृत्तांनी धडा शिकवला. पण मतं कुठे फिरली ते पाहिलं की ही गोष्ट कोसळते. मेलबर्नच्या हिगिन्स आणि कूयाँग या सधन मतदारसंघांत, जिथे शेअर आणि दुसरं घर बाळगणारे लोक राहतात, लिबरल पक्षाचीच मतं घटली. लेबरची पडझड झाली ती क्वीन्सलँडमध्ये, टाउन्सव्हिल आणि रॉकहॅम्प्टनच्या आसपास, कामगारांच्या आणि कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत. क्रेग इमर्सन आणि जे वेदरिल यांनी पक्षासाठी पराभवाचा जो आढावा घेतला, त्यानेही हेच सांगितलं. या करांची झळ ज्यांना बसू शकली असती अशा शहरी, वरच्या उत्पन्नगटातल्या मतदारांनी लेबरकडे कल दाखवला. ज्यांना कराची झळ बसणारच नव्हती, असे आर्थिकदृष्ट्या अस्थिर लोक दूर गेले.

म्हणजे लोकांनी नाकारला तो स्वतःला न भरावा लागणारा कर. यावर हुशार मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं, लोक फसले. मला ते उत्तर आळशी वाटतं. अदानींची कोळशाची खाण हवी असलेल्या भागात पक्ष खाणीबद्दल धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. लेबरचे नेते बिल शॉर्टन लोकप्रिय नव्हते. हे सगळं धरूनही एक प्रश्न उरतो. भाड्याच्या घरात राहणारा, कंत्राटावर काम करणारा माणूस शेअरवाल्यांच्या परताव्याची काळजी का करेल? त्याला परताव्याची काळजी नव्हतीच. मालकाची सवलत गेली तर भाडं वाढेल आणि घरांच्या किमती पडल्या तर बांधकामं थांबतील, हे विरोधक सांगत होते. अर्थव्यवस्थेत उलथापालथ झाली की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते, हे मात्र त्याला कुणी सांगायला लागत नव्हतं. तेवढा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

आणि बदल्यात काय मिळणार होतं? इथे लेबरची खरी चूक आहे, आणि ती करांत नाही. कर्करुग्णांसाठी २.३ अब्ज डॉलर, वृद्धांच्या दातांच्या उपचारांसाठी २.४ अब्ज, पाळणाघरांसाठी ४ अब्ज, अशी आश्वासनं वाढत वाढत १०० अब्जांच्या पुढे गेली. त्यातलं प्रत्येक चांगलं होतं. पण जाणारा पैसा एका ओळीत सांगता येत होता आणि येणारा पैसा पन्नास ओळींत विखुरला होता. आढाव्याने स्पष्ट म्हटलं की करधोरणामुळे निवडणूक गेली नाही. खर्चाच्या प्रचंड आणि गुंतागुंतीच्या यादीने पक्ष जोखमीचा दिसला. हा आढावा सार्वजनिक आहे. तरी त्याच्या उलट धडा सगळ्यांनी घेतला, खुद्द लेबरनेही. २०२२ मध्ये अँथनी अल्बानीज दोन्ही योजना सोडून देऊन, अंग चोरून लढले आणि जिंकले. समजुतीवर शिक्कामोर्तब झालं.

ते शिक्कामोर्तब फार टिकलं नाही. मागच्या सरकारने ठरवलेली करकपात आहे तशी राबवू, असं अल्बानीज यांचं आश्वासन होतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते मोडलं. वर्षाला दोन लाख डॉलर कमावणाऱ्याला मिळायची होती त्याच्या साधारण निम्मी कपात उरली आणि तो पैसा खालच्या सगळ्यांत वाटला गेला. सरासरी, म्हणजे सुमारे ७३,००० डॉलर उत्पन्न असणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला दीड हजार डॉलर आले. वचनभंग होता, वरच्यांकडून काढून घेणंही होतं. मार्चमधली डंकली इथली पोटनिवडणूक लेबरने राखली. २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी लेबरची पुढची छोटी करकपात रद्द करू असं सांगितलं, म्हणजे या वेळी जास्त कर मागणारा पक्ष उजवा होता. तो हरला, डटन यांची स्वतःची जागाही गेली, लेबरला ९४ जागा मिळाल्या. एवढ्या मोठ्या विजयाचं श्रेय एकट्या कराला देणं म्हणजे २०१९ वाल्यांचीच चूक उलट्या बाजूने करणं होईल. ट्रम्प यांची सावली त्या निवडणुकीवर होतीच. पण कर म्हणजे पराभव हे सूत्र त्यातून निघत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थमंत्री जिम चामर्स यांनी तीस लाख डॉलरपेक्षा मोठ्या निवृत्तिनिधींवरच्या वाढीव कराचा सुधारित आराखडा मांडला. कागदावरच्या, अजून हाती न आलेल्या नफ्यावर कर लावायची वादग्रस्त कल्पना त्यातून काढून टाकली आणि मर्यादा महागाईशी जोडली. आपल्याकडच्या बातम्यांत, जिथे ती बातमी आलीच तिथे, सरकारने माघार घेतली एवढंच छापून आलं. त्याच घोषणेत कमी पगारवाल्यांच्या निवृत्तिनिधीत सरकार जी भर घालतं, तिची कमाल मर्यादा ५०० डॉलरवरून ८१० डॉलरवर नेली होती.