वाटसरू आणि वाचक

हिमायतनगरसारख्या कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या गावी बसून दूरच्या पर्वतांतील पदभ्रमणाचे पुस्तक वाचणाऱ्याला नेमके कोणते सुख लाभत असावे? डोंगर हवा तर माहूरचा गड आहे. पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, तो तर याच रेल्वेमार्गावर. तरीही तिकडे पायी जाण्याचे ज्याच्या मनातही येत नाही, तोच वाचक दुसऱ्याच्या पायांना आलेल्या फोडांची हकीकत रात्र जागवून वाचतो.

हा केवळ आळस नव्हे. घरच्या कष्टांना शिखर नसते. ते उद्याही तेवढेच असतात. भ्रमणकथेतील भूक, थंडी, चुकलेली वाट ही सारी कुठेतरी पोहोचतात. शिवाय सांगणारा सुखरूप परतला आहे, हा दिलासा पहिल्या पानापासूनच असतो.

इटालियन कवी पेत्रार्क 1336 साली फ्रान्समधील माँ व्हाँतू या डोंगरावर चढला. शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ उघडले आणि बाहेरचे पाहताना आपण आत्म्याला विसरलो म्हणून तो स्वतःवर चिडला, असे त्याचे पत्र सांगते. मला हा पश्चात्ताप थोडा अस्थानी वाटतो. डोंगर पाहण्यात कसले पाप? त्याच पत्रात पायथ्याशी एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी मीही वर गेलो होतो, काट्यांनी अंग आणि कपडे फाटले, दुसरे काही हाती लागले नाही, असे सांगून तो यांना परत फिरवू पाहतो. कवी आपले जादा सामान त्याच्यापाशी ठेवून पुढे जातो. त्या मेंढपाळाचे नाव पत्रात नाही.

आपल्याकडे गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मागे नर्मदेची परिक्रमा आहे. परिक्रमावासी रिकाम्या हाताने निघतो. त्याचे चालणे काठावरच्या माणसांनी दिलेल्या भाकरीवर चालते. ज्याच्या दारी हात पसरला, त्याला नुसते निसर्गदृश्य मानणे अवघड जाते. म्हणून ही वाट मला पेत्रार्कच्या वाटेपेक्षा अधिक खरी वाटते.

मात्र आपल्या मराठवाड्याने आणखी एक चालणे पाहिले आहे. 2020 च्या टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले मजूर रेल्वेमार्गाने चालत होते. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि 8 मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांच्यातील सोळाजण गेले. रात्रीचा प्रवास, सुजलेले पाय, शिदोरी, घराची ओढ: भ्रमणकथेला लागणारे सारे त्यांच्यापाशी होते. नव्हती ती फक्त निवड. आपण ते बातमी म्हणून वाचले, हळहळलो आणि पान उलटले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या कोणी भाजल्या होत्या, वाटेत कोणी पाणी दिले, कोणी दार लावून घेतले, हे सांगणारी भ्रमणगाथा माझ्या कपाटात नाही.