किल्ली दादाकडे असते तेव्हा

गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. ‘जागा भरत आली आहे’ हा संदेश आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मोफतचे १५ जीबी संपले की एक तर पैसे भरायचे, नाही तर जुने फोटो पुसत बसायचं. अशा वेळी घरात किंवा मित्रांच्या ग्रुपमध्ये एखादा दादा पुढे येतो. “कंपनीला कशाला पैसे देता? मी घरीच सर्व्हर लावतो.” कपाटातला जुना कॉम्प्युटर, एक मोठी हार्ड डिस्क आणि नेक्स्टक्लाउडसारखं फुकट, खुलं सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम भागतं. आपला डेटा आपल्या घरात! ऐकायला छान वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे.

पण या वाक्यातला ‘आपला’ म्हणजे नेमका कुणाचा?

आधी ही सोय चालते कशी ते पाहू. दादाच्या सर्व्हरला जोडून घ्यायचा एक सोपा मार्ग म्हणजे नेटवर्क फोल्डर. लॅपटॉपच्या फाइल मॅनेजरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की सी आणि डी ड्राइव्हच्या शेजारी आणखी एक ड्राइव्ह दिसू लागतो. यामागे वेबडॅव्ह नावाचा प्रोटोकॉल असतो. त्याचं पहिलं प्रमाण १९९९ साली प्रसिद्ध झालं. वेब नुसतं वाचायसाठी नसावं, दूरच्या सर्व्हरवरच्या फायली तिथल्या तिथे बदलताही याव्यात, हा त्यामागचा विचार. म्हणजे फाइल असते दादाच्या घरी, आणि दिसते तुमच्या लॅपटॉपवर. सिंक केलं तर एक प्रत तुमच्याकडे राहते. नेटवर्क फोल्डरमध्ये तुम्ही थेट दूरची फाइलच उघडत असता. नेट गेलं की तो ड्राइव्ह उघडत नाही, तेव्हा कुठे आठवतं की हे कपाट आपल्या खोलीत नाही.

ही आठवण न राहणं हीच या सोयीची खुबी आहे, आणि नैतिक प्रश्नही तिथेच सुरू होतो. समोर ‘माझा फोल्डर’ दिसतो, म्हणून माणूस त्यात मनमोकळेपणानं गोष्टी ठेवतो. ताई तिची डायरी ठेवते. आई तिचे मेडिकल रिपोर्ट ठेवते. धाकटा भाऊ कुणाला तरी लिहिलेली, न पाठवलेली पत्रं ठेवतो. साध्या मांडणीत या सगळ्या फायली दादाच्या डिस्कवर प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये उघड्या पडलेल्या असतात. दादाला कुणाचा पासवर्ड लागत नाही. सर्व्हरवरचं एन्क्रिप्शन चालू केलं तरी त्याच्या किल्ल्या त्याच सर्व्हरवर असतात, त्यामुळे ॲडमिनपासून ते वाचवत नाही. दादानं डिस्कवरून थेट एखादी फाइल उघडली, तर ताईला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिडियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. ती फिरवली की तो अदृश्य होतो, आणि मग त्याच्या हातून काय काय होत नाही! गोष्टीमागचा प्रश्न असा: कुणीच पाहत नसेल, तरीही माणूस नीट का वागेल? घरातल्या ॲडमिनच्या बोटात आज ती अंगठी आहे. राज्य बळकावण्याचा मोह त्याला होणार नाही. त्याचा मोह छोटा आणि प्रेमळ असतो. “ताई हल्ली गप्प गप्प असते, जरा बघू तरी.” आणि आपल्या घरांमध्ये या मोहाला तयार उत्तर आहे: “आपल्यात काय लपवायचं?”

यावर कुणी म्हणेल, कंपनीपेक्षा दादा बरा ना? मला हे इतकं सरळ वाटत नाही. कंपनीला लाखो माणसांमधली तुमची डायरी म्हणजे एक आकडा. तिची नजर थंड असते, पण जेवणाच्या ताटावर ती तुमच्याकडे बघत नाही. दादाच्या नजरेत माया आहे, म्हणूनच तिचा भारही जास्त आहे. तो जे वाचेल त्याचा अर्थ लावेल, काळजी करेल, कदाचित बाबांना सांगेल. ज्या मुलीचं कुणावर प्रेम आहे आणि घरी अजून माहीत नाही, तिला परक्या कंपनीपेक्षा सख्ख्या भावाचीच नजर जास्त महागात पडू शकते.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, एखाद्या व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. ते समजण्यासारखं आहे. घराघरांतल्या अल्बमवर सरकारनं नजर ठेवावी असं कुणालाच वाटणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की कंपनीला निदान कागदावर तरी बांधणारे नियम दादाला बांधत नाहीत. तिथे उरते फक्त नीती.

त्या नीतीसाठी आपल्याकडे एक जुना, चांगला शब्द आहे: ठेव. ठेव घेणारा वस्तूचा मालक होत नाही, राखणदार होतो. कांटनं १७८८ च्या ‘क्रिटिक ऑफ प्रॅक्टिकल रीझन’मध्ये नेमकं ठेवीचंच उदाहरण घेतलं आहे. ठेव ठेवणारा मेला, कुठेही कागद नाही, मग नाकबूल का करू नये? त्याचं उत्तर असं, की पुरावा नसलेली ठेव कुणीही नाकारावी हा नियमच झाला, तर ठेव नावाची गोष्टच उरणार नाही. दादाचंही तसंच. ‘काळजीपोटी बघितलं तर चालतं’ हा नियम असेल, तर त्या ड्राइव्हमध्ये मनातलं काही कुणी ठेवणारच नाही. उरतील फक्त लग्नाचे फोटो आणि विजेची बिलं.

म्हणून मला वाटतं, सर्व्हर लावणाऱ्याचं पहिलं कर्तव्य तांत्रिक नाही. ते सांगण्याचं आहे. “ही डिस्क माझ्याकडे आहे, मला यातलं सगळं दिसू शकतं, मी बघणार नाही, पण ज्याला खात्री हवी त्यानं फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर कुलूप लावूनच इथे ठेवावी.” क्रिप्टोमेटरसारखं सॉफ्टवेअर हे काम करतं. दादाच्या डिस्कवर मग फक्त न कळणारी अक्षरं पोचतात. त्याची किंमतही सांगायला हवी: पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवली, तर दादाही काही करू शकत नाही. दुसरं कर्तव्य जाणाऱ्याला जाऊ देण्याचं. मैत्री तुटली, रूममेट वेगळे झाले, नातं संपलं, तर त्याच्या फायली त्याला द्याव्यात आणि आपल्या डिस्कवरून, बॅकअपमधूनही पुसाव्यात. तिसरं, उद्या दादाच नसेल तर किल्ली कुणाकडे, हे आज ठरवून ठेवावं.

आणि तुम्ही ठेवणाऱ्यांपैकी असाल, तर दादाला हे विचारायला संकोचू नका. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. बँकेत लॉकर घेताना दुसरी किल्ली कुणाकडे असते हे आपण विचारतोच की. ज्या दादाला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याच्याकडे ठेव ठेवायला हरकत नाही.