थांबायचं की पुढं जायचं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातला एक साखरपुडा आटोपून आम्ही निपाणीला परत येत होतो. तवंदी घाटाच्या उतारावर कडेला एक मोटरसायकल आडवी पडलेली दिसली आणि शेजारी एक तरुण पोरगा. भोवती पाच-सात माणसं. त्यातल्या दोघांनी मोबाईल वर धरलेले. मी म्हटलं, "अहो, थांबवा जरा." हे म्हणाले, "माणसं आहेत की तिथं. आपण पोलिसांच्या नादाला लागलो तर कोर्टाच्या फेऱ्या चुकायच्या नाहीत." मी पुढं बोलले नाही. सूर्य खाली उतरला होता आणि सासूबाईंचं जेवण अंधार पडायच्या आत व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला तेवढं निमित्त पुरलं.

घरी वेळेत पोचलो. ताट वाढलं. सासूबाईंनी विचारलं, "त्या पोराला कुणी दवाखान्यात नेलं का गं?" मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. रागावल्या नाहीत, पण त्या रात्री पाण्याचा घोटही घेतला नाही.

आपण अहिंसा बहुतेक 'न करण्यात' मोजतो. कंदमूळ खात नाही, पाणी गाळून घेतो, मुंगी चुकवून पाय टाकतो. या हिशेबानं त्या संध्याकाळी आमचे हात स्वच्छ होते. आम्ही कुणाला धडक दिली नव्हती. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसा सांगताना प्रमाद आधी ठेवला आहे, म्हणजे बेपर्वाई. मी काही पंडित नाही, स्वाध्यायाला बसून जे कानावर पडलं तेवढंच माझं ज्ञान. तरी मला वाटतं, मुंगीला जपणारा माणूस रस्त्यातल्या माणसाजवळून काच वर करून गेला, तर त्याला प्रमादच म्हणावं लागेल. आमच्या स्वाध्यायातल्या एक अक्का म्हणाल्या, "ज्याचं त्याचं कर्म." असेल. त्याचं पडणं त्याच्या कर्माचं, पण पुढं निघून जाणं तर माझ्याच खात्यावर ना?

बरं, यांची भीती खोटी होती असंही नाही. पूर्वी जखमीला पोचवणाऱ्यालाच तासन् तास बसवून ठेवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण ३० मार्च २०१६ रोजी सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना देशभर लागू केल्या. त्याच वर्षी आपल्या कर्नाटकाच्या विधिमंडळानं यावर स्वतंत्र कायदा केला, आणि २०१८ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तसं कलम आलं. मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. मला हे सगळं नंतर कळलं. पुढं केंद्र सरकारनं मदत करणाऱ्याला बक्षीसही ठेवलं, आधी ५,००० रुपये, मग २५,०००. दयेला पैसे लावावे लागले याचं मला जरा वाईटच वाटतं. पण त्यातून एखादी गाडी थांबली तर माझी तक्रार नाही.

याच महामार्गावर, तिकडं बेंगळुरूजवळ नेलमंगलपाशी, फेब्रुवारी २०१६ मध्ये लॉरीखाली सापडून हरीश नावाच्या तरुणाच्या देहाचे दोन तुकडे झाले होते. तशा अवस्थेत तो लोकांना म्हणाला, माझे डोळे दान करा. नंतर सरकारनं त्याच्या नावानं योजना काढली, अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांत २५,००० रुपयांपर्यंत मोफत उपचार. जखमी कर्नाटकचा की बाहेरचा, हे त्यात बघायचं नव्हतं. आपल्या सीमाभागात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. पडलेला माणूस 'आई गं' म्हणतो की 'अव्वा' म्हणतो, यावर आपण थांबायचं ठरवणार आहोत का?

पण थांबून करायचं काय, हेही माहीत हवं, नाहीतर गर्दीत अजून एक बाई वाढते. गाडी रस्त्याच्या बाहेर घ्यायची, चारी दिवे लुकलुकते ठेवायचे, वरून येणाऱ्यांना सावध करायला एकाला लांब उभं करायचं. उतारावर हे आधी, नाहीतर मागून येणारा ट्रक मदत करणाऱ्यांनाच घेऊन जाईल. मग ११२ किंवा १०८ ला फोन. किलोमीटरचा दगड किंवा जवळचं गाव सांगायचं, कारण कोगनोळीच्या बाजूला मोबाईल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. अंगात काही रुतलं असेल तर उपसायचं नाही. आग वगैरेची भीती नसेल तर माणसाला हलवायचं नाही, हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान वाकडी झाली तर जन्माचं नुकसान होतं.

आणि पाणी पाजायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. आपल्या बायकांचा हात पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीकडेच जातो, त्यात आपलं पाणी गाळलेलं, पाजलं तर पुण्यच, असं वाटतं. पण शुद्ध हरपलेल्याच्या श्वासनलिकेत ते पाणी जातं आणि गुदमरून जीव जाऊ शकतो. शुद्धीत असला तरी ऑपरेशन करायची वेळ आली तर पोटातलं पाणी अडचणीचं ठरतं. हात धरून जवळ बसावं, नाव विचारावं, घरचा फोन नंबर विचारावा.

आता आमच्या गाडीच्या डिकीत धुतलेल्या सुती साड्यांचे तुकडे एका पिशवीत असतात. सासूबाईंनी स्वतः फाडून घड्या घालून दिले. त्या पोराचं पुढं काय झालं, ते मात्र आम्हाला कधीच कळलं नाही. ओळखीच्या दोघांकडं विचारून पाहिलं. घाटात त्या महिन्यात तीन-चार अपघात झाले होते म्हणे, त्यातला कोणता, कुणाला सांगता येईना.