रापण आणि गरी

1 ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठली की मालवणच्या किनाऱ्यावर कुणालाच थांबायला सवड नसते. एका मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसबाहेर रांग लागली होती आणि आत सोसायटीचे जुने सेक्रेटरी तात्या सभासदांची यादी उघडायची वाट बघत बसले होते. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो. यादी उघडल्याशिवाय एकही नोंद होईना.

"नेटाचा वाटोळा झाला!"

प्रोग्राम पुण्यात बनवलेला, जावा वेब स्टार्टवरचा. आयकॉनवर क्लिक केलं की पुण्याच्या सर्व्हरवरून उतरायचा, पण चालायचा इथल्याच संगणकावर. ही पद्धत 2018 साली जावाच्या 11व्या आवृत्तीतून काढूनही टाकली, पण छोट्या ऑफिसांतले प्रोग्राम इतक्या लवकर बदलत नाहीत. तात्यांनी आधी संगणक बदलला, मग दुप्पट वेगाचं कनेक्शन घेतलं. यादीला वेळ तेवढाच. नेटला दोष देणं सोपं. ते उलट बोलत नाही.

नव्याने लागलेल्या क्लार्क मुलीने मोबाइलचं घड्याळ लावलं. प्रोग्राम सुरू व्हायला 4 सेकंद, यादी यायला 25. यादी येत असताना ती राउटरकडे बघत राहिली. मोठी फाइल उतरताना हिरवा दिवा सारखा थरथरतो. आता तो एकेकदा लुकलुकत होता. मग तिने सर्व्हरला पिंग केलं. जाऊन यायला 80 मिलिसेकंद. सभासद 300.

"तात्यानू, नेटाक कित्याक गाळी घालतास? प्रोग्राम एकेका सभासदासाठी पुण्याक जाऊन येता. तीनशे फेरे. 24 सेकंद थयच गेले."

"मगे पुण्यात कसो धावता?"

"थय सर्व्हर भिंतीपलीकडे आसा. फेरी एका मिलिसेकंदाची."

तात्यांची हयात रापणीवर गेलेली. सगळ्यांनी मिळून एका ओढीत किनाऱ्याला लावायची मासळी गरीने एकेक काढायला बसलं तर काय होईल, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मुलीने पुण्याला कळवलं, ते नुसतं 'स्लो आहे' असं नाही. कुठे किती वेळ जातो ते आकड्यांसकट. अशी तक्रार आली की प्रोग्रामरला अंधारात चाचपडावं लागत नाही. पुण्याच्या प्रोग्रामरनी सगळी यादी एकाच फेरीत आणायची सोय केली. मालवणला कुणाला यावंही लागलं नाही. सकाळी क्लिक केल्यावर नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि यादी दोन सेकंदांत समोर आली.

रांग सरकू लागली. पावती छापायला मात्र अजून वेळ लागत होता. "हो प्रिंटर बदलूकच होयो," म्हणत तात्या उठले, आणि पुन्हा बसून मोबाइलमधलं घड्याळ शोधू लागले.