तोंड बंद होतं, बोटं बोलत होती



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सतराव्या अध्यायातले १५ आणि १६ हे दोन श्लोक घेतले आहेत. पंधराव्यात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं उद्वेग न देणारं असावं, खरं असावं, प्रिय आणि हिताचं असावं, आणि जोडीला स्वाध्याय. सोळाव्यात मनाचं तप येतं. गंमत अशी की मौन हा शब्द भगवंतांनी वाणीच्या तपात घातलेला नाही, मनाच्या तपात घातला आहे. इतकी वर्षं हे श्लोक म्हणते आहे, पण याकडे लक्ष गेलं ते गेल्या महिन्यात, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

आमच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ४६ जणांचा. एका सकाळी मंडळातल्या एका काकांनी ‘आज एकादशी, सर्वांना शुभेच्छा’ असा मेसेज टाकला. आमच्या घरी भागवत एकादशी धरतात, ती दुसऱ्या दिवशी होती. मी लगेच दिनदर्शिकेचा फोटो टाकला आणि लिहिलं, “काका, मेसेज टाकण्याआधी पंचांग बघत चला.” त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की त्यांच्याकडे स्मार्त एकादशी करतात. मी फोटो पुन्हा पाहिला. त्या तारखेला ‘स्मार्त एकादशी’ असं स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे दोघंही बरोबर होतो.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तोवर माझ्या मेसेजला सात-आठ अंगठे आले होते. मी लिहिलं, “एवढी वर्षं मंडळात येऊन हेही कळू नये?” मग दोन बाजू पडल्या. कोणी हसणारे चेहरे टाकले, कोणी जुनी उणीदुणी काढली. रात्री काका ग्रुपमधून बाहेर पडले.

लोक ऑनलाइन इतके कडवट का वागतात, असं विचारलं की आपण म्हणतो, तिथे नाव लपवता येतं ना, म्हणून. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली याची कारणं मांडली. ओळख लपते, आपण कोणाला दिसत नाही, समोरच्याचा प्रतिसाद त्याच क्षणी येत नाही, अशा गोष्टींमुळे माणसाचा संकोच सुटतो, असं त्यांचं म्हणणं. पण आमच्या ग्रुपवर कोणाचं नाव लपलेलं होतं? सगळे एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जाणारे!

मग इस्रायलमधल्या संशोधकांचा २०१२ चा एक अभ्यास वाचनात आला. त्यांनी अनोळखी लोकांच्या जोड्या करून त्यांना संगणकावर चर्चा करायला लावली. कुठे नावं लपवली, कुठे चेहरा, कुठे फक्त नजरानजर होऊ दिली नाही. कडवटपणा वाढण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तो नजरानजर नसण्याचा. हे वाचलं आणि माझं मलाच उत्तर मिळालं. काकांचं नाव मला दिसत होतं, डोळे दिसत नव्हते. समोर बसले असते, तर माझ्या पहिल्याच वाक्याला त्यांचा चेहरा उतरला असता आणि दुसरं वाक्य ओठातच राहिलं असतं.

दुसऱ्या अध्यायात भगवंत रागाची उतरण सांगतात. रागातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धीचा नाश. स्मृतिभ्रंश म्हणजे शिकलेलं विसरणं, असं मी धरून चालले होते. पण त्या दिवशी मी माणूसच विसरले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्रभर बाकावर बसून राहिलेले हेच काका. अंगठे मोजताना ती रात्र मला आठवली नाही. खरं सांगायचं तर मी काकांशी बोलतच नव्हते. मी उरलेल्या ४४ जणांना दाखवत होते की मला किती कळतं.

आणि हे सगळं होत असताना घरात अगदी शांतता होती. माझं तोंड बंद होतं! कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई किती निवांत बसली आहे. जिभेचं मौन पाळूनही भांडता येतं, हे त्या दिवशी कळलं. मौन मनाचं तप का, तेही कळलं.

मग चूक दिसली तरी सांगूच नये का? सांगावी. श्लोकात सत्य आहेच. पण त्याला हिताची जोड आहे. काकांना एक फोन केला असता तर त्यांनीच मला स्मार्त-भागवत समजावलं असतं आणि हित झालं असतं ते माझं.

परवा मंडईत काका भेटले. माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि विचारलं, “आईचे गुडघे कसे आहेत गं?” मला काही सुचेना. मी म्हटलं, “काका, त्या दिवशी चुकलंच माझं.” ते म्हणाले, “अगं, सोड ते.” हलकी होऊन घरी आले.

पण आज हे श्लोक वाचले आणि तो हलकेपणा टिकला नाही. अपमान केला सगळ्यांसमोर, आणि माफी मागितली मेथीच्या जुड्यांमध्ये, कोणी ऐकणार नाही अशी. हीसुद्धा माझीच सोय. तेव्हा हे लिहून झालं की ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिणार आहे, “काका बरोबर होते. मी त्यांना लागेल असं बोलले, माझी चूक झाली.” ते वाचायला काका तिथे नाहीत. परत यायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. अंगठे येतील की नाही, ते मात्र आज बघणार नाही.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा मेसेज असेल, तर आज एकदा उघडून पाहा. त्या माणसाचे डोळे आठवा आणि मग पुन्हा वाचा.

राम कृष्ण हरी.