जिभेची साक्ष कुठवर?

घरी सिगार वळणारे हौशी लोक आधी एकेक पान वेगळं चाखतात. झाडाच्या तळाकडचं व्होलाडो चटकन पेटतं, चवीला बेताचं. मधलं सेको सुगंधी. शेंड्याकडचं लिगेरो सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं. जाड, तेलकट, सावकाश जळणारं आणि कडक. एकाच पानाची बारीक गुंडाळी ओढायची, धूर तोंडात घोळवायचा, तुरट की तिखट ते टिपून ठेवायचं आणि मग मिश्रण ठरवायचं. कामोठ्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या गॅलरीतही जमेल असा हा छंद. इतक्या सावधपणे घेतलेल्या आस्वादाला व्यसन म्हणायचं की ज्ञान? माझ्या मते ते ज्ञानच आहे, पण अर्धं. आणि तंबाखूच्या बाबतीत ते अर्धंच राहणार.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय जिभेला मोठा मान देतो. रस किती, यावर तिथे ऋषींचा वाद रंगतो. भद्रकाप्य एकच म्हणतो, निमी सात मोजतो, कांकायन असंख्य. अखेर आत्रेय सहांवर निवाडा देतात. चव हा जिथे इतक्या गंभीर चर्चेचा विषय आहे, तिथे पानं चाखणाऱ्याला नुसता चैनी म्हणून झटकता येत नाही. पण जिभेची हद्दही त्याच अध्यायात आखलेली आहे. रस जिभेला टेकताच कळतो. विपाक मात्र पदार्थाने शरीरात काय केलं, त्यावरूनच ओळखायचा. लिगेरो कडक आहे ही जिभेची साक्ष खरी. त्यातलं निकोटीन उद्या पुन्हा पान हातात घ्यायला लावेल का, हे मात्र तिला ठाऊक नसतं. निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात हे उलट्या बाजूने तपासता येतं. ओलं पान हाताळणाऱ्याच्या कातडीतून निकोटीन अंगात भिनतं, मळमळतं, गरगरतं. सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूची चव न घेताही तिची धूळ श्वासातून घेतात. म्हणजे जिथे जिभेचा संबंधच येत नाही, तिथेही परिणाम चुकत नाही.

चहाची पारख करणारा घोट थुंकतो आणि पुढच्या कपाकडे कोऱ्या मनाने वळतो. तंबाखूत परीक्षकच हळूहळू पक्षकार होतो. यावर कोणी म्हणेल, सिगारचा धूर आम्ही छातीत घेतच नाही. पण हा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. कर्करोगाचा धोकाही त्याच तोंडाला. या रोगावर उपचार आणि संशोधन करणारं टाटा स्मारकाचं केंद्र कामोठ्याच्या शेजारीच, खारघरला आहे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. चरकाने स्वतःच धूमवर्ती सांगितली आहे: औषधांचा लेप बोरूवर चढवायचा, वाळल्यावर बोरू काढून घ्यायचा, तूप लावून पेटवायचं. खरं आहे. पण तिथे ओढण्याच्या आठ वेळा नेमून दिल्या आहेत आणि अतिरेकाचे विकारही सांगितले आहेत. तंबाखू त्या ग्रंथात नाही, एवढ्यावर मी तिला दोष देणार नाही. १६०४च्या सुमारास असद बेगने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा हकिमाने नेमकी हीच हरकत घेतली होती. प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते, हे असद बेगचं उत्तर मला बिनतोड वाटतं. निर्णय परिणामावरच व्हायला हवा.

सगळ्यात वजनदार आक्षेप गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून निघतो. विषय सोडले तरी त्यांची गोडी मागे उरते. मग दडपण्यापेक्षा डोळसपणे चाखलेलं काय वाईट? पण गोडी सगळ्यात शेवटी सुटते, असं तिथे म्हटलं असेल, तर तिला रोज धार लावणं म्हणजे उलट दिशेची वाट. अवधूताने जिभेपायी गळाला लागलेल्या माशालाही गुरू केलं, हे एकनाथांनी १५७३मध्ये पूर्ण केलेल्या भागवतातून मराठी वाचकाला माहीत आहे. माशाला आमिषाची चव अचूक कळली होती. गळ कळला नव्हता.

म्हणून ज्यांना ही पारख साधली आहे त्यांना विनंती: पुढचं पान पेटवण्याआधी महिनाभर थांबून पाहा. विपाक तेव्हाच कळेल. थांबणं जड गेलं, तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-११-२३५६.